कानावरचं फूल

नवरात्र तोंडावर आलं की वसईच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जनरेटरच्या गाड्या दिसायला लागतात. त्यांच्यामागे कलाकारांच्या काळ्या काचांच्या व्हॅन, त्यांच्यामागे थर्माकोलच्या तोफा लादलेला टेम्पो. पावसाळाभर दडून बसलेली शूटिंगवाली मंडळी हवा उघडली की बाहेर पडतात. लोकांना याचं केवढं कौतुक! रिक्षावाले रिक्षा बाजूला घेऊन "कुठली सिरियल?" म्हणून विचारतात. मला मात्र मळमळतं. उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही, परवा खरंच स्कूटर कडेला लावून उभा राहिलो. पुढ्यात फुलांची पाटी, चाफ्याचा घमघमाट, आणि तोंडात आंबट पाणी. हाच महिना, हाच वास आणि अशाच गाड्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात आमच्या घरी दर रविवारी येणारा एक माणूस यायचा बंद झाला. त्याला घालवायला एका ऐतिहासिक मालिकेतला अडीच मिनिटांचा प्रसंग पुरला.

आमची वाडी वसईजवळच्या गास गावात. केळी, थोडी पानवेल आणि सोनचाफ्याची दीडशे झाडं. बाबा पंचाहत्तरी ओलांडलेले, मी चव्वेचाळीसचा, आई जाऊन बारा वर्षं झाली. चाफा पहाटे खुडतात. ऊन चढलं की पाकळ्या सुटतात आणि मग बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आमच्याकडे खुडणीची एक रीत आहे. दिवसातलं पहिलं फूल पाटीत टाकायचं नाही, कानावर ठेवायचं. पाटीतली फुलं बाजारात जातात, कानावरचं देवाला. पहिलं फूल विकायचं नसतं. हात दोन्ही कामात, खिशात फूल चुरगळतं, पाटीत टाकलं तर बाकीच्यांत मिसळतं, म्हणून कान. आजोबा हेच करायचे, बाबाही करत आले, आमच्याकडे खुडायला येणारे चौघे गडीही करायचे. दाढीचे खुंट वाढलेले, बनियनवर केळीच्या चिकाचे डाग, अंगाला विडीचा वास आणि कानावर पिवळंधमक फूल. यात काही नखरा आहे असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मंदार माझा कोण, हे आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. इथे लिहून टाकतो. ज्याच्याबरोबर म्हातारं व्हायचं मी ठरवलं आहे, तो मंदार. मूळचा देवगडकडचा, विरारला आईबरोबर फ्लॅटमध्ये राहतो, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करतो. नऊ वर्षं दर रविवारी तो पहिली रिक्षा पकडून गासला यायचा, आमच्याबरोबर फुलं खुडायचा, दुपारी जेवायचा आणि दिवेलागणीनंतर परत जायचा. बाबा बाजारातून सुरमई आणत आणि डोकं त्याच्या ताटात वाढत. माझ्या ताटात ते कधी आलं नाही. एका मे महिन्यात त्यांनी पडवीत माझ्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी ठोकली. मी नुसतं बघितलं तर म्हणाले, "त्याची पिशवी जमिनीवर असते. मुंग्या लागतात." यापलीकडे आमच्या घरात या विषयावर चर्चा झाली नाही आणि मला ती नकोही होती. काही घरांत न बोलणं म्हणजे दार लावून घेणं असतं. आमच्या घरात तसं नव्हतं, दार सताड उघडं होतं.

मंदारला आमची रीत अर्धीच जमली. पहिलं फूल तो बरोबर कानावर ठेवायचा, पण देवाला द्यायचं विसरायचा. दिवसभर तसाच हिंडायचा. बाबा ओरडायचे, "अरे पोऱ्या, देवाचा फूल देवाला दे रे! तू काय देव हयस?"

"काका, देवाला रोज मिळतं. मला आठवड्यातून एकदाच," मंदार म्हणायचा. संध्याकाळपर्यंत त्या फुलाचा रंग चहासारखा व्हायचा. वास मात्र जायचा नाही.

या दोघांना ऐतिहासिक मालिकांचं भयंकर वेड. बाबा श्रद्धेने बघत, मंदार खोड्या काढत. "काका, त्या काळी दाढी एवढी कोरून कोण द्यायचं हो?" "गप रे, लढाई चाल्लीय." मी त्यांच्या मागे खुर्चीवर. माझं वेड वेगळं होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्या पोशाखी गर्दीत आम्हाला शोधत असे. एवढे किल्ले, एवढ्या छावण्या, चार-चार महिने घराबाहेर राहिलेली एवढी माणसं. त्यांत दोघे तरी आमच्यासारखे असतीलच की! एखाद्या मालिकेत एक शिपाई जखमी दोस्ताचं डोकं मांडीवर घेऊन बसला, की मी खुर्चीत पुढे सरकायचो. पुढच्या प्रसंगात हटकून त्यातल्या एकाचं लग्न ठरायचं. तरी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायला बसायचो. उपाशी माणूस उष्ट्याकडे बघतो तसा मी त्या मालिका बघत होतो, हे आज लिहिताना मला माझीच लाज वाटते.

तर त्या हंगामात किल्ल्यावर एक मोठी मालिका आली आणि फुलांची रोजची ऑर्डर आम्हाला मिळाली. पहाटे खुडायचं, केळीच्या पानात बांधायचं आणि मी स्कूटरवरून सेटवर नेऊन द्यायचं. तिथे ऋता नावाची कला विभागातली मुलगी फुलं मोजून घ्यायची. गोड पोरगी होती. पायात कायम एकाच रंगाचे मळके बूट, हातात वही. "दादा, जुन्या काळी पुरुष फुलं कशी वापरायचे?" तिने एकदा विचारलं.

मी म्हटलं, "कशाला हवंय?"

तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "यात दोन पुरुषांची गोष्ट आहे. शत्रूचा किल्लेदार आणि त्याचा एकदम खास माणूस. म्हणजे प्रेमच आहे ते. टीव्हीवर असं कोणी करत नाही ना? पण खूप नाजूक लिहिलंय."

मी पाघळलो. दुसरा शब्दच नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आमच्याच किल्ल्यात, आमच्याच फुलांसकट घडणार होतं. मी पुडीतलं एक फूल काढलं आणि कानावर ठेवून दाखवलं. वर रीत समजावून सांगितली, पहिलं फूल, देव, सगळं. ऋताने टाळ्याच वाजवल्या. दिग्दर्शकाला बोलावलं. त्याने मला एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं, "क्या बात है" म्हणाला आणि कोणाला तरी फोटो काढायला सांगितला. मी मान तिरकी करून उभा राहिलो. देवाचं फूल मी त्या दिवशी ऋताच्या वहीत नोंदवून दिलं आणि खुशीत शीळ घालत घरी आलो. मंदारला फोन करून सांगितलं, "तुझं फूल टीव्हीवर येणार." तो म्हणाला, "अरे वा! मानधन माग." आम्ही किती तरी वेळ हसलो.

त्या दीड महिन्यासारखा हंगाम मी पुन्हा बघितला नाही. चाफा इतका आला की फांद्या वाकल्या. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत पाट्या भरत होत्या, बाबा सांगत फिरत होते की आपला चाफा महालात चाललाय. रविवारी मंदार बाबांना विचारायचा, "काका, महालातली काय खबर?" आणि बाबा दरबारी थाटात उत्तर द्यायचे. मला तेव्हा वाटायचं, आता एक दिवस मालिकेत ते दोघे दिसतील, बाबा बघतील, शेजारी मंदार बसलेला असेल, आणि काही बोलावं न लागता सगळं बोलून होईल. ज्या घरात सगळं नीट चाललं होतं तिथे मला टीव्हीचा दाखला हवा होता!

तो भाग रविवारचा, एक तासाचा विशेष. आपली फुलं बघायची म्हणून शेजारचे जनूकाका, त्यांची सून आणि आमचे दोन गडी घरी आलेले. बाबांनी चहा केला. मंदार नेहमीसारखा बाबांशेजारी सतरंजीवर, कानावर सकाळचं फूल, रंग चहासारखा झालेला. मालिका सुरू झाली. किल्लेदाराच्या दालनात शंभर समया. पडद्यामागून तो खास माणूस आला. डोळ्यांत बोटभर काजळ, ओठ रंगवलेले, चालताना कंबर अशी फिरवलेली की बाईनेही तशी कधी फिरवली नसेल. मागे पिपाणीसारखं काहीतरी वाजत होतं, विदूषक आला की वाजतं तसं. त्याने तबकातलं आमचं फूल उचललं, डोळे मिटून हुंगलं, जीभ ओठांवरून फिरवली आणि फूल कानावर ठेवलं. मग एका कैद्याच्या गालावरून बोट फिरवून त्याला विषाचा पेला पाजला. किल्लेदार खिदळला. हे ते नाजूक प्रेम!

खोलीत हशा पिकला. जनूकाकांनी मांडीवर थाप मारली आणि मंदारकडे बोट दाखवलं, "आरे, ह्यो बघा! आपल्याकडे पन एक बसलाय! ईख पाजशील काय रे बाबा?" सगळे पुन्हा हसले. बाबाही हसले. मंदारने कानावरचं फूल काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि भाग संपेपर्यंत मांडी न मोडता बसून राहिला. जाताना बाबांच्या पाया पडला, खुंटीवरची पिशवी घेतली. पुढच्या रविवारी लॅबमध्ये काम निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी आईला बरं नव्हतं. तिसऱ्या रविवारी त्याने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नंतरचा महिना आठवला की शिसारी येते. तो खास माणूस लोकांना फार आवडला. म्हणजे हसायला आवडला. त्याच्या चालीचे व्हिडिओ फोनवर फिरले. फुलबाजारात हमाल एकमेकांना हुंगून जीभ फिरवून दाखवायचे. एका सकाळी बाबा पाटी घेऊन गेले, कानावर फूल विसरून राहिलं होतं. पन्नास वर्षं ज्या माणसाशी ते व्यवहार करत होते, त्याच्या दुकानातल्या पोरांनी पिपाणी वाजवली, तोंडानेच. दुसऱ्या दिवशी पहिलं फूल बाबांनी वेगळ्या वाटीत ठेवलं. गड्यांनी त्याच्याही आधी बंद केलं होतं. आजोबांच्या आधीपासूनची रीत एका पंधरवड्यात मेली, आणि तिचा फोटो मी मान तिरकी करून दिला होता.

या मंडळींना इतिहासातून नक्की काय हवं असतं? आमच्यासारख्यांना त्यांच्याकडे ठरलेल्या नोकऱ्या आहेत. विष पाजणारा, मालिश करणारा, पडद्याआडून ऐकणारा. तलवार घोड्यावरच्या मिशीवाल्याच्या हातात आणि आमच्या हातात सुरई. शत्रूचा दरबार किती सडलेला आहे हे दाखवायचं असलं की आमच्यातला एक आणून लोडाशी टेकवायचा, की झालं. दिग्दर्शकाचं अर्धं काम काजळाची डबी करते. बरं, कपड्यांवर केवढं संशोधन! पगडीचा पेच चुकला तर यांना पत्रं येतात. पण त्या पगडीखालचा माणूस कोणाच्या आजारपणात जागला असेल, कोणाशी पाण्याच्या पाळीवरून भांडला असेल, कोणासाठी माशाचं डोकं बाजूला काढून ठेवलं असेल, याचं संशोधन करायला कोणाला वेळ नाही. शेकडो वर्षांच्या इतिहासात यांनी आम्हाला दालनं दिली, झुंबरं दिली, अत्तरं दिली. साधी पिशवी टांगायला एक खुंटी दिली नाही. किळस काजळाची नाही हो. काजळ घालणारे पुरुष होते, आहेत, आणि त्यांच्यात माझ्यापेक्षा जास्त हिंमत असते. किळस येते ती ते काजळ हसण्यासाठी फासणाऱ्या हातांची.

परवा मळमळ झाली त्याच दुपारी ऋताचा फोन आला. आता ती मोठ्या हुद्द्यावर आहे. "दादा, मागच्या वेळचं माझ्या हातात नव्हतं. एडिटमध्ये सगळं बदललं. पण आता वेब सीरिज आहे. पीरियडच, पण एकदम सेन्सिटिव्ह. दोघेही आपल्या बाजूचे, दोघे हिरो!"

"शेवट काय आहे?" मी विचारलं.

"एक जण समुद्रात जातो. दुसरा किनाऱ्यावर त्याचं फूल घेऊन उभा. खूप सुंदर शॉट आहे, दादा. लोक रडतील."

म्हणजे बढती मिळाली. आधी लोक हसायचे, आता रडणार. आधी आम्ही मारायचो, आता मरणार, तेही मावळत्या उन्हात, मागे सारंगी लावून. मला वाटलं फोन नाल्यात टाकावा. पण ती म्हणाली, "मी येतेच आहे वाडीत," आणि काल सकाळी खरोखर आली.

बाबा खुडत होते. मी बघितलं आणि जागीच थांबलो. त्यांच्या कानावर फूल होतं. तीन वर्षांनी. का, ते मला माहीत नाही. कदाचित ती येणार हे मी जेवताना बोललो होतो म्हणून. ऋता पुढे झाली. "आजोबा, असेच उभे राहा हं. एकच फोटो. हेच हवंय मला!"

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. रागावले नाहीत. "पाटीतले ने," ते म्हणाले. "पायजे तेवढे ने. ह्यो नाय मिलनार."

"अहो, फक्त फोटो—"

"पैला फूल आमी इकत नाय, बाय."

ती पाटीतलीही न घेता गेली. बाबा पडवीत येऊन बसले, दोन खुंट्यांखाली. एकीवर माझी पिशवी, दुसरी रिकामी. म्हणाले, "मंदारला फोन लाव."

बाबांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो. "मंदार, मी बोलतॉ. रविवारी ये. सुरमई आनतॉ." मग घसा खाकरून, ओरडूनच, "त्या दिशी मी हसलो रे. हसाया नको व्हता."

"काका, तुमच्यावर मी कधी रागावलोच नव्हतो," पलीकडून मंदार म्हणाला. "जनूकाका विनोद करतात, तुम्ही हसता. तुम्हाला कुठे काय कळलं होतं."

"मंग येत का नव्हतास?"

पलीकडे लॅबमधलं घरघरणारं मशीन मंदारने बंद केलं. "तुमच्या मागे अजून एक जण हसला होता, काका."

वर मी लिहिलं आहे की सगळे हसले. त्या सगळ्यांत मी होतो. बाबा न कळता हसले, मी कळून हसलो. जनूकाकांचं बोट मंदारवरून माझ्याकडे वळू नये म्हणून हसलो, मोठ्याने, खुर्चीचा हात बडवून. तीन वर्षं आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर भेटतो, टपरीवर चहा घेतो, तासाभराने तो उठतो. त्याने हे कधी काढलं नाही आणि मी मालिकावाल्यांना शिव्या देत राहिलो. त्यांची मला किळस येते हे खरंच आहे. पण ती किळस मी एवढी जपली, कारण ती संपली असती तर पुढचा नंबर माझा होता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, फोन माझ्या हातात दिला आणि कानावरचं फूल देवाला द्यायला आत गेले.

"मी हसलो," मी म्हणालो.

"सगळ्यांत मोठ्याने," मंदार म्हणाला.

मग त्याने विचारलं, "रविवारी बाजारात पाटी कोण नेतं हल्ली?"

"मीच."

"मग मी येतो. खुडायला येतो, तुझ्याबरोबर बाजारात पण येतो. पण फूल तू लावायचंस. बाजार संपेपर्यंत काढायचं नाही. देवाला दुसरं दे."

मी हो म्हणालो.

उद्या रविवार. रिकाम्या खुंटीवरची धूळ बाबांनी संध्याकाळी पुसली. त्या दुकानातली पोरं पिपाणी वाजवतील, वाजवणारच, आणि मला त्यांच्यासमोर पाटी उतरवून, शेजारी मंदार असताना, सगळी फुलं मोजून द्यायची आहेत. माझा कान आतापासूनच गरम झाला आहे.